घर कोणाच्या नावावर?



घर बघायला आपण सगळे जातो. पाणी किती वेळ येतं, हे बायकाच विचारतात. पण टोकन देताना नाव लागतं फक्त नवऱ्याचं. उद्या तलाक झाला, तर तिनं कुठं जायचं?

म्हणून आधी घरात नाव ठरवा, मग भाव बोला. महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४० लाखांच्या घरात ४० हजार वाचतात.

नव्या इमारतीत करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, असं रेरा कायदा सांगतो. आणि भगिनींनो, सही करण्याआधी त्या करारनाम्यात आपलं नाव स्वतः वाचा.