भिंत कुणावर बसते?

श्रोतेहो, आत्ता आपण ज्या खोलीत बसला आहात, तिच्या एखाद्या कोपऱ्यात खाली पाहा. भिंत जिथे जमिनीला टेकते तिथे स्कर्टिंगची पट्टी दिसेल. त्या पट्टीमागे नेमकं काय आहे? भिंत फरशीवर उभी आहे, की फरशी भिंतीपाशी येऊन थांबली आहे? बहुतेकांना हा प्रश्न कधी पडत नाही. पडायचं कारणही नाही. पण घराचे नकाशे संगणकावर करणाऱ्या आम्हा मंडळींना तो रोज पडतो, आणि न पडला तर महागात पडतो.

जुन्या जाड भिंतींच्या घरात लाकडी तुळयांची टोकं भिंतीत घुसवलेली असत, त्यांच्यावर कडीपाट. मजल्याचं ओझं भिंत वाहायची. आजच्या सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत नातं उलटं झालं आहे. स्लॅब बीमवर, बीम कॉलमवर, आणि विटांची भिंत त्या स्लॅबवर किंवा बीमवर नुसती येऊन बसलेली. पूर्वी जी ओझं वाहायची, ती आता स्वतःच ओझं झाली.

ड्रॉइंग बोर्डवर काम करताना आम्ही भिंत म्हणजे दोन समांतर रेघा काढत असू. ती कुठून सुरू होते आणि वर कुठे संपते, हे एखाद्या छेदाच्या नकाशात दाखवलं की झालं. बाकीचं गवंडी जाणून असे. आता आर्किकॅड किंवा रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे रेघ नाही, वस्तू आहे. तिला पाय आहेत, डोकं आहे, आत विटांचा थर आणि दोन्ही बाजूंना प्लास्टरचे थर आहेत. स्लॅबही तसाच. दोन वस्तू एका जागी आल्या, की कुणी कुणाला जागा द्यायची हे ठरवावंच लागतं.

रेव्हिट हे सरळ विचारतं. भिंतींच्या कडेने स्लॅब काढला की पडद्यावर प्रश्न येतो : या मजल्यापर्यंत येणाऱ्या भिंती स्लॅबच्या तळाशी जोडू का? भिंत आणि स्लॅब एकमेकांत घुसत असतील तर आणखी एक : भिंतीचा तेवढा भाग कापून टाकू का? घाईतला मुलगा वाचतो न वाचतो आणि 'नाही' दाबून मोकळा होतो. आर्किकॅडमध्ये २०१३ च्या १७व्या आवृत्तीपासून प्रत्येक सामग्रीला मानाचा आकडा देता येतो. काँक्रीटचा आकडा विटेपेक्षा मोठा ठेवला, की दोघं भेटतील तिथे काँक्रीट राहतं आणि वीट बाजूला होते. मला ही पद्धत आवडते. आपल्याकडच्या पंगतीतल्या मानपानासारखी आहे. एकदा ठरवून टाकलं की भांडण नाही.

न ठरवल्यास काय होतं? साधा हिशेब करू. एका मजल्यावर १५ सेंटीमीटर जाडीच्या एकूण १०० मीटर भिंती आहेत आणि त्या साडेबारा सेंटीमीटरच्या स्लॅबमधून आरपार गेलेल्या आहेत असं समजा. एकाच जागेत काँक्रीटही मोजलं गेलं आणि वीटकामही. ते जादा वीटकाम १.८७५ घनमीटर होतं. घनमीटरला सुमारे ५०० विटा धरल्या तर मजल्यामागे नऊशेहून अधिक विटा अशा, की ज्यांना बसायला जागाच नाही. बीमचा घोळ यात धरलेलाच नाही.

पण विटांपेक्षा आमची फजिती केली ती फरशीने. एका बंगल्याच्या मॉडेलमध्ये आमच्याच कार्यालयात स्लॅब, त्यावरचा मसाला आणि फरशी असे सगळे थर मिळून एकच 'जमीन' केली होती. शून्य पातळी फरशीच्या माथ्यावर, आणि भिंती त्या शून्यावर उभ्या. पडद्यावर सगळं देखणं. छेदाचा नकाशा साइटवर गेला. गवंड्याने पाहिलं, भिंत शून्यापासून सुरू होते आहे. त्याच्या लेखी भिंत स्लॅबवरूनच सुरू होते. फरशी नंतर येते. त्याने स्लॅबवरून सात फूट मोजून लिंटेल टाकले. पुढे दोन इंचांची फरशी आली आणि दाराची जागा दोन इंचांनी बुटकी झाली. चौकटी मापाने तयार होऊन आल्या होत्या. अशी सात दारं. लिंटेल फोडून पुन्हा टाकावे लागले आणि तो खर्च आम्ही सोसला. गवंड्याने एवढंच विचारलं, "साहेब, तुमच्यात भिंत फरशीवर बांधतात का?"

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन जमिनी काढतात. एक नुसत्या काँक्रीटची, बाहेरच्या बीमच्या कडेपर्यंत जाणारी. दुसरी मसाल्याची आणि फरशीची, खोलीगणिक वेगळी, भिंतीला भिडून थांबणारी. भिंतीचा पाय शून्याखाली दोन इंच, म्हणजे स्लॅबच्या माथ्यावर. भिंतीचं डोकं वर बीम असेल तर बीमच्या तळाशी. काम थोडं वाढतं. नवीन मुलं कुरकुरतात. त्यांना मी त्या सात दारांची गोष्ट सांगतो.

तरीही एक सांधा असा आहे, की तिथे मी पडद्यावर विश्वास ठेवत नाही. तो न्हाणीघराचा. तिथे स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात, आणि जमीन व भिंत यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा काढून जलरोधक थर भिंतीवर फूटभर चढवतात. खालच्या घराच्या छताला ओल येणार की नाही, हे बरंचसं त्या वाट्यावर ठरतं. सोसायटीच्या बैठकांत त्यावरून किती भांडणं होतात, हे आपण जाणताच. मॉडेलमध्ये मात्र जमिनीचे थर जमिनीच्या कडेला संपतात आणि भिंतीचे थर भिंतीपुरते राहतात. रेव्हिटमध्ये जलरोधक पडद्याच्या थराची जाडी शून्यच धरलेली असते. जमिनीवरून वळून भिंतीवर चढणारा तो थर आपोआप कुणी काढून देत नाही. मुद्दाम, वेगळा काढला तरच तो येतो. नाहीतर पडद्यावर स्वच्छ काटकोन दिसतो आणि काही राहून गेलं आहे अशी शंकाही येत नाही.

म्हणून प्रत्येक कामाच्या नकाशांत एक कागद मी अजून हाताने काढतो, एकास दहा प्रमाणात. त्यावर फक्त न्हाणीघराचा एक कोपरा असतो : स्लॅब, कोबा, वाटा, भिंतीवर चढलेला थर, प्लास्टर, फरशी, कुठलं आधी आणि कुठलं नंतर. साइटवर गेलो की बहुतेक वेळा तोच कागद भिंतीला खिळ्याने लावलेला दिसतो, सिमेंटच्या बोटांचे ठसे उमटलेला.