ई-मेलचें कुलूप आणि मोर्तब

छत्रपति शिवाजीमहाराजांच्या पत्रांवर शिरोभागीं मुद्रा असे आणि शेवटीं मोर्तब. मुद्रेनें पत्र कोणाचें तें कळे. मोर्तबामुळें मजकुराखालीं मागाहून एक ओळही वाढवितां येत नसे. लिफाफ्यावरील लाखेचें काम निराळें. पत्र वाटेंत कोणीं फोडलें नाहीं, याची ती ग्वाही देई. गुप्तता आणि खरेपणा या दोन वेगळ्या गरजा आहेत, हें जुन्या कारकुनांस पक्कें ठाऊक होतें. ई-मेल लिहितांना मात्र सुशिक्षित मनुष्यही तें विसरतो.

ई-मेलला पत्र म्हणण्याची रूढि पडली असली, तरी स्वभावानें तें उघडें कार्ड आहे. प्रवासांत त्याला आतां बहुधा संरक्षण मिळतें. पण ज्या टपालयंत्रावर तें विसावतें, तेथें तें वाचतां येण्याजोगें पडून राहतें.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत ही केवळ विद्वानांची चर्चा राहत नाहीं. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि या भागांत कारखानदारी फोफावली. २००९ सालीं चाकणला फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. मोठ्या कारखान्यांभोंवतीं सुटे भाग करणारीं लहान वर्कशॉपें उभीं राहिलीं. डायचें ड्रॉइंग, नगामागें दर, बँकेचें खातें, सारें ई-मेलनें येतें-जातें. ड्रॉइंग प्रतिस्पर्ध्याच्या हातीं पडलें, तर काम जातें. त्याहून वाईट म्हणजे, ‘आमचें खातें बदललें आहे, पैसे या नव्या खात्यांत भरावे,’ असें एखाद्या लबाडानें वर्कशॉपच्या नांवानें ग्राहकास कळविलें, तर महिनोन्महिने गाळलेल्या घामाचे पैसे भलत्याच्याच खिशांत जातात.

यावरील उपायाचें मूळ १९७६ सालीं अमेरिकेंत व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनीं मांडलेल्या कल्पनेंत आहे. तोंवर कुलूप लावणारा व उघडणारा या दोघांजवळ एकच किल्ली लागे. ती सुरक्षित पोंचवावयाची कशी, हाच पेच होता. नव्या योजनेंत प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली म्हणजे जणूं दाबाचें उघडें कुलूप. त्याच्या प्रती खुशाल वाटाव्या. तें दाबून कोणालाही पेटी बंद करतां येते. ती उघडते मात्र धन्यानें घरीं जपलेल्या खासगी किल्लीनेंच. याच खासगी किल्लीनें पत्रावर सही करतां येते आणि सार्वजनिक किल्लीनें ती कोणालाही पडताळतां येते. मजकुरांतील एक अक्षर बदललें, तरी सही जुळत नाहीं. हेंच आजचें मोर्तब.

१९९१ सालीं फिल झिमरमन यांनीं ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’ हा प्रोग्राम सर्वांस खुला केला. अमेरिकेच्या निर्यात-कायद्यांत तेव्हां अशीं साधनें शस्त्रांत गणलीं जात. त्यामुळें त्यांच्यामागें चौकशीचा ससेमिरा लागला, तो १९९६ सालीं खटल्यावांचून सुटला. पुढें जर्मनींत वेर्नर कोख यांनीं याच जातीचें ‘जीएनयू प्रायव्हसी गार्ड’ लिहिलें. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति १९९९ सालची. विंडोजसाठीं ‘जीपीजी-फोर-विन’ हा त्यावर आधारलेला संच आहे. त्यांतील ‘क्लिओपात्रा’ किल्ल्यांचा जुडगा सांभाळते, आणि सोबतचें प्लगइन आउटलुकमध्येंच पत्र बंद करण्याची व त्यावर सही करण्याची सोय देतें. थंडरबर्डला पूर्वीं ‘एनिगमेल’ नांवाचें प्लगइन जोडावें लागे. २०२० पासून ही सोय त्यांतच आहे.

साधन चांगलें असलें, तरी सावधपण सुटत नाहीं. आलेली किल्ली खरोखर त्याच गृहस्थाची आहे काय, हें प्रथम पाहावें. प्रत्येक किल्लीला एक ठसा असतो, बहुधा चाळीस अक्षर-अंकांचा. तो आधींपासून ठाऊक असलेल्या नंबरावर फोन करून एकमेकांस वाचून दाखवावा. त्याच ई-मेलमध्यें दिलेल्या नंबरावर नव्हे. दुसरें, पाठविणारा, घेणारा व वेळ झांकलीं जात नाहींत, आणि विषयाची ओळही पुष्कळदां उघडीच राहते. तेथें नव्या गाडीच्या भागाचें नांव लिहिलें, तर कुलूप पेटीला आणि यादी दारावर, असें होईल. तिसरें, खासगी किल्ली किंवा तिचा परवलीचा शब्द हरवला, तर त्या किल्लीनें बंद झालेलीं पत्रें धन्यालाही उघडत नाहींत. म्हणून किल्लीची प्रत आणि ती रद्द करण्याचा दाखला निराळ्या जागीं ठेवावा. सारा व्यवहार एकट्या पुतण्याच्या डोक्यांत ठेवणाऱ्या वर्कशॉपास तो नोकरी बदलील त्या दिवशीं पस्तावावें लागेल.

पत्र झांकणाऱ्याच्या मनांत पाप असतें, असा एक समज आहे. बंद लिफाफ्यांत मुलीच्या लग्नाची बोलणी करणारा बाप कोणाला पापी वाटला नव्हता. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे.

अडचण आहे ती निराळीच: हें कुलूप एकट्याला लावतां येत नाहीं. पत्र घेणाऱ्याजवळही किल्ल्या हव्यात. म्हणून आरंभ एका ग्राहकानें आणि एका वर्कशॉपानें करावा. ठसा पडताळावयास फोनवरचीं दोन मिनिटें पुरतात. पुढें खातें बदलल्याचें पत्र सहीवांचून आलें, तर पैसे भरण्यापूर्वीं ग्राहकाचा हात आपोआप थांबेल.