निसर्ग कोणाचा?



कामगार संघटनेच्या माणसाने रोमँटिक काव्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण बेताचेच; जे वाचले ते तक्रारींचे कागद आवरल्यावर, रात्री. पण या काव्याने आमच्या मनात एक प्रश्न उभा केला, तोच आपल्यापुढे ठेवतो. निसर्ग पाहून मन भरून येण्याचा अधिकार कोणाचा?

वर्डस्वर्थने 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० सालच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. खेड्यातल्या साध्या माणसांच्या भावना आणि त्यांची बोली यांतून काव्य घडवावे, असे त्याने तीत ठासून सांगितले. त्याच आवृत्तीत 'मायकेल' ही कविता आहे. म्हातारा मेंढपाळ वडिलोपार्जित जमीन वाचावी म्हणून एकुलत्या एका मुलाला शहरात धाडतो. निघण्यापूर्वी मेंढवाड्याचा पहिला दगड मुलाच्या हातून बसवून घेतो. मुलगा बिघडतो, परागंदा होतो; मेंढवाडा अपुराच राहतो. त्या दगडांत म्हाताऱ्याचे कष्टही मुरले आहेत आणि मायाही. पोरगा शहरात धाडलेली घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. ही कविता आम्हाला परकी वाटली नाही.

आणि हाच कवी १८४४ साली विंडरमिअरला आगगाडी नेण्याच्या बेताविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रे लिहितो! सृष्टिसौंदर्याची गोडी हळूहळूच लागते. गिरणगावांतले मजूर गाड्या भरभरून आणल्याने त्यांचे भले होणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. डोंगरांची शांतता मोडेल ही भीती खोटी नव्हती, हे आम्ही कबूल करतो. पण मेंढपाळाला जे हृदय दिले, ते गिरणीकामगाराला का नाकारले?

गाडी १८४७ साली आलीच. पुढे २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातले शेकडो तरुण कामगार, शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटच्या बंद माळावर मुद्दाम चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली वर्डस्वर्थचा सरोवरांचा मुलूखही राष्ट्रीय उद्यान ठरला.

आम्ही सुटीसाठी भांडतो, तेव्हा विचारतात, रिकामा वेळ घेऊन कामगार करणार काय? गावाहून परतलेला आमचा सभासद कचेरीत आला की आधी रानात पाऊस कसा लागला ते सांगतो, मग पगाराची तक्रार. त्याला डोंगर पाहायला कोणी शिकवावे लागत नाही. सवड तेवढी मिळवून द्यावी लागते.