चिलखतातला शेजारी

पावसाळ्यात बालाघाटकडे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्यांवरून चालू लागले, की एक शेजारी तिरक्या चालीने सामोरा येतो : खेकडा. आपली हाडे मांसाआड दडलेली. याने सांगाडा अंगरख्यासारखा बाहेरच घातलेला! विंचू, झुरळ, मुंगी ही याचीच भावकी.

पण हे चिलखत अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून खेकडा ते मागच्या बाजूने उकलतो आणि डोळ्यांवरचे आवरणदेखील मागे टाकून बाहेर पडतो. नवे कवच टणक होईपर्यंत नांग्या उगारणारा हा वीर लोण्यासारखा मऊ असतो. कोणीही गट्ट करावे! म्हणून बिचारा दडून बसतो.

आपल्याही अंगावर हुद्द्याचे, मानाचे कवच असतेच. ते उतरवायला आपल्याला निवृत्तीची वाट पाहावी लागते. खेकडा मात्र वाढायचे असले, की जिवाची जोखीम पत्करून स्वतःच उतरवितो.