एक दोष, अनेक धनी
सदोष वाहने आणि सामूहिक तक्रारीचा हक्क



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. अशा प्रसंगी साहित्य, इतिहास किंवा संतवाङ्मय यांतील विषय निवडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मी निवडलेला विषय मात्र गॅरेजच्या दारातला आहे. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या हजारो वाहनांत एकच भाग सदोष निघाला, तर त्या हजारो मालकांनी दाद कोठे आणि कशी मागावी, हा तो विषय. त्यात कायदा आहे, तसाच नागरिकशास्त्राचा एक धडाही आहे. म्हणून तो शाळेच्या व्यासपीठावर अप्रस्तुत ठरू नये.

बीदर आणि कलबुर्गी या आपल्या जिल्ह्यांत चारचाकी वाहन ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबांची चूल जीपवर, टेम्पोवर किंवा ट्रॅक्टरवर पेटते. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, तूर बाजारात पोहोचवायची, ऊस कारखान्यावर टाकायचा, सारे चाकावरच. वाहन अंगणात उभे राहिले, की घरातला एक कमावता हात बसतो. बँकेचा हप्ता मात्र बसत नाही, तो आपल्या तारखेला येतोच.

वाहनातील दोष दोन प्रकारचे असतात. एखाद्याच गाडीची जुळणी करताना काही चूक राहते, तो पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात मूळ आराखड्यात, धातूत किंवा सुटा भाग पुरविणाऱ्याच्या कामात खोट असते आणि ती त्या मालिकेतील प्रत्येक गाडीत उतरते. या दुसऱ्या प्रकारात एक विलक्षण गोष्ट घडते. भालकीच्या मालकाला वाटते, आपलेच नशीब खोटे. तोच भाग लातूरला, हुबळीला आणि वरंगळला तुटलेला असतो, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते ते उत्पादकाला. कारण वॉरंटीचे सगळे दावे अखेर त्याच्याच दप्तरी जमा होतात. मालक विखुरलेले आणि माहिती एकवटलेली, ही विषमताच या प्रश्नाचे मूळ होय.

एकट्या मालकाला कायद्याने वाऱ्यावर सोडले आहे, असे नाही. ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही, असे त्या कायद्यात म्हटले असले, तरी स्वतःच्या श्रमाने पोट भरणारा माणूस त्यातून वगळला जाऊ नये, हे पुढे स्पष्ट करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात स्वतः चालविण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याचे आणि स्वतः चालविण्यासाठी ट्रक घेणाऱ्याचे उदाहरण देऊन त्यांना ग्राहक म्हटले आहे. आपल्याकडील जीपवाल्याने हा निकाल पाठ करून ठेवावा.

तथापि एकट्याची वाट खडतर आहे. २००६ साली मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर तेवढ्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. पुढे २०२२ साली ह्युंदाईच्या एका गाडीच्या अपघातात एअरबॅग न उघडल्याचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला आणि वाहन बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. अपघात २०१७ चा, अंतिम निकाल २०२२ चा. ज्याच्यापाशी चिकाटी होती आणि वाट पाहण्याची ऐपत होती, त्याला न्याय मिळाला. परंतु अशा निकालाचा लाभ त्या एका मालकापुरताच राहतो. शिवाय दोष सिद्ध करण्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी लागली, तर तिचे शुल्क प्रथम तक्रारदाराला भरावे लागू शकते. पाच हजारांच्या भागासाठी त्याहून अधिक खर्च कोण करील? म्हणून बहुतेक जण मुकाट्याने नवा भाग विकत घेतात आणि विषय संपवितात. हजारो लोकांचे असे लहान लहान मौन एकत्र केले, तर त्याची रक्कम फार मोठी होते.

या मौनावर कायद्याने एक उपाय पूर्वीच सांगून ठेवला आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ अन्वये समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काही जण न्यायालयाच्या परवानगीने दावा चालवू शकतात. ग्राहक कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले. १९८६ च्या कायद्यात ते कलम १२ मध्ये होते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्यात ते कलम ३५ मध्ये आहे. परवानगी मिळाल्यावर सर्व संबंधितांना व्यक्तिशः किंवा जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि निकाल सर्वांवर बंधनकारक होतो. घरबांधणीच्या व्यवहारांत या तरतुदीचा बराच उपयोग झाला. वाहनांच्या बाबतीत तो फारसा दिसत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. बंगळूरच्या एका गृहसंकुलातील ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी तक्रार केली, तेव्हा ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले, की संपूर्ण समूहाच्या वतीने बोलायचे असेल तर सर्वांचे हित एकच कसे, हे तक्रारीत स्पष्टपणे मांडले पाहिजे. तसे नसेल, तर त्या काही जणांना केवळ स्वतःपुरती संयुक्त तक्रार करता येईल. म्हणजे वाटा दोन आहेत: दहा मालकांनी मिळून करावयाची संयुक्त तक्रार, आणि दहा जणांनी दहा हजारांच्या वतीने करावयाची प्रातिनिधिक तक्रार. दुसरीत बळ अधिक, आणि जबाबदारीही अधिक.

सामूहिक दाव्याची खरी परीक्षा निकालाच्या वेळी होत नाही. ती तडजोडीच्या वेळी होते. अमेरिकेत अशा दाव्यांची परंपरा मोठी आहे आणि त्यांतील बहुसंख्य दावे तडजोडीने मिटतात. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण घेऊ. त्यातील स्फोटक रसायन उष्णता आणि दमट हवा यांमुळे कालांतराने बिघडत असे आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे प्रवाशाच्या अंगावर उडत. माणसे दगावली. २०१७ साली कंपनीने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी मोटारमालकांच्या सामूहिक दाव्यात टोयोटा, बीएमडब्ल्यू, माझदा आणि सुबारू यांनी मिळून सुमारे ५५ कोटी डॉलरची, तर होंडाने सुमारे ६० कोटी डॉलरची तडजोड केली. त्या रकमेतून मालकाला केवळ भाग बदलून मिळाला नाही. गाडी दुरुस्तीस नेताना बुडालेला रोज, भाड्याने घेतलेले वाहन, मुलांना सांभाळण्यासाठी केलेला खर्च, यांचाही दावा त्याला करता आला. भारतातही याच दोषापायी गाड्या परत बोलाविण्यात आल्या; एकट्या होंडाने जुलै २०१६ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार गाड्या बोलाविल्या. येथील मालकाला भाग मोफत बदलून मिळाला. त्याच्या बुडालेल्या दिवसाचा हिशेब कोणी विचारला नाही, कारण तो मागणारा समूहच उभा राहिला नव्हता.

परंतु तडजोडीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकांत इंधनाची टाकी चौकटीच्या बाहेर, बाजूस बसविलेली होती; धडक बसताच ती पेट घेते, असा आक्षेप होता. असे ट्रक पन्नास लाखांहून अधिक होते. १९९३ मध्ये ठरलेल्या तडजोडीत मालकांना काय मिळाले? त्याच कंपनीचा नवा ट्रक घेतल्यास एक हजार डॉलर सूट देणारे कूपन. वकिलांना मात्र सुमारे ९५ लाख डॉलर रोख. ज्याची नवा ट्रक घेण्याची ऐपत नाही, त्याला त्या कागदाचा उपयोग काय, आणि जुन्या ट्रकची टाकी तर जेथल्या तेथेच राहिली! वरिष्ठ न्यायालयाने १९९५ साली ही तडजोड रद्द ठरविली. समूहाच्या नावाने झालेली तडजोड समूहाच्या हिताची असतेच असे नाही, हा या प्रकरणाचा बोध होय.

आपल्या देशाने हा बोध याहून दारुण रीतीने घेतला आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारकडे आला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसे जळली होती, त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. पण पीडितांचे म्हणणे तडजोडीपूर्वी ऐकले जावयास हवे होते, हेही मान्य केले. वाहनाचा सुटा भाग आणि भोपाळ यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. दुःखाच्या त्या दोन पातळ्या अगदी वेगळ्या आहेत. प्रश्न मात्र एकच आहे: अनुपस्थित माणसाच्या नावाने सही करण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटीवर?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या संहितेत आहे. १९७६ च्या दुरुस्तीने नियम ८ मध्ये असे घातले गेले, की सर्व संबंधितांना नोटीस दिल्याखेरीज प्रातिनिधिक दावा मागे घेता येणार नाही, त्यातील मागणीचा कोणताही भाग सोडता येणार नाही आणि तडजोडही नोंदविता येणार नाही. दावा चालविणारा पुरेशी तत्परता दाखवीत नसेल, तर न्यायालय त्याच्या जागी समूहातील दुसऱ्यास आणू शकते. ग्राहक आयोगापुढील प्रातिनिधिक तक्रारीलाही हाच नियम ८ लागू केलेला आहे. दोन-चार पुढाऱ्यांना खूश करून हजारोंचे प्रकरण दडपता येऊ नये, यासाठीच ही कुंपणे आहेत. पण कुंपणाची राखण शेतमालकानेच करावयाची असते. नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून आली आणि ती कोणी वाचलीच नाही, तर कायदा काय करील?

न्यायालयाबाहेरही एक मार्ग आता खुला झाला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०अ घालण्यात आले आणि एप्रिल २०२१ पासून ते अमलात आले. ठरावीक प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार नोंदविली, तर केंद्र सरकार ती वाहने परत बोलाविण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाला दुरुस्ती, बदली किंवा किंमत परत करणे भाग पडते. नियमांनुसार दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि वाहन सात वर्षांच्या आतले असावे लागते. या तरतुदीचे मर्म असे, की येथे तक्रारी मोजल्या जातात. न नोंदविलेली तक्रार मोजणीत येत नाही.

आपल्या सीमाभागाला एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. आपण गाडी घेतो कधी सोलापूरला, कधी लातूरला, कधी हैदराबादला. पूर्वी तक्रार बहुधा विक्रेत्याच्या जिल्ह्यात जाऊन करावी लागे. परराज्यात खेटे घालण्यापेक्षा नुकसान पत्करलेले बरे, असे माणूस म्हणे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करण्याची मुभा दिली. गाडी हैदराबादची असली, तरी तक्रार बीदरला होऊ शकते. किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती विसरू नये.

यास्तव माझी सूचना साधी आहे. दुरुस्तीला गाडी दिली, की जॉबकार्ड मागून घ्यावे आणि दोष त्यावर आपल्या शब्दांत लिहवून घ्यावा. बदललेला जुना भाग शक्य तर परत घ्यावा. वॉरंटीचे पुस्तक डिकीत कुजू न देता वाचावे. इंग्रजी अवघड वाटल्यास या शाळेतील दहावीचा विद्यार्थीही ते वाचून दाखवू शकेल. आणि माजी विद्यार्थी संघाने एक नोंदवही ठेवावी: वाहन कोणते, वर्ष कोणते, किती किलोमीटरला कोणता भाग गेला. पाच-पन्नास नोंदी जमल्या, की विखुरलेली माहिती मालकांच्या बाजूलाही एकवटू लागेल. उत्पादकाच्या दप्तरात जे आहे, त्याची एक प्रत आपल्या गावात तयार होईल.

त्या वहीत मराठी नावे असतील, कन्नड असतील, उर्दूही असतील. सीमाभागात भाषेच्या प्रश्नावर आपण पुष्कळ बोललो आहोत आणि पुढेही बोलू. परंतु तुटलेला एक्सल मालकाची मातृभाषा विचारीत नाही, आणि एका तक्रारीखाली सही करणाऱ्यांनीही ती विचारू नये. समान हितसंबंध या रूक्ष कायदेशीर शब्दांचा अर्थ याहून सोप्या रीतीने सांगता येईल, असे मला वाटत नाही.

शाळेने आपल्याला हजेरी द्यायला शिकविले. नाव पुकारले, की उभे राहून ‘हजर’ म्हणायचे. सामूहिक दाव्यातील नोटीस म्हणजे अशीच एक हजेरी होय. तिला उत्तर देणारे जितके अधिक, तितकी त्यांच्या नावाने होणारी तडजोड न्याय्य होण्याचा संभव अधिक.