विधिमंडळातील प्रश्न आणि आपण



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. आमच्याकडे तोंडी शब्दावर व्यवहार होत नाही. व्हाउचर असेल तरच खात्यात नोंद पडते. राज्यकारभाराचेही तसेच आहे. सभेतले आश्वासन वाऱ्यावर जाते. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले लेखी उत्तर मात्र सरकारच्या नावावर कायमचे चढते.

दाखला आपल्याच इतिहासातला घेऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण पाणी मिळाले का? नाही! १९२६ साली बोल्यांना सभागृहात पुन्हा उभे राहून मागावे लागले, की ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखा. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी ते कौन्सिलाचे सभासद झाले. तिथे त्यांनी सरकारला विचारलेले प्रश्न शासनाने छापलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहेत. रस्त्यावरचा लढा आणि सभागृहातला प्रश्न, त्यांनी दोन्ही सोडले नाहीत.

प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळते, उपप्रश्न नाही. पण आकडे आणि तारखा काढायला अतारांकितच बरा. लोकसभेत दिवसाला तारांकित २०, तर अतारांकित २३० पर्यंत घेतले जातात. कोरोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झालाच नाही. लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. मंत्र्यांना उलट विचारण्याची सोय गेली, हे नुकसान लहान नव्हे.

‘माहिती घेण्यात येत आहे’ असेही उत्तर येते. तिथे थांबू नये. तेही आश्वासनच धरले जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

आमच्या ओळखीच्या एका मुलाची शिष्यवृत्ती वर्षभर अडकली. वडील खेटे घालून थकले. दर वेळी उत्तर एकच, ‘बघतो’. अशा वेळी आमदारांकडे गाऱ्हाणे नेऊ नका, प्रश्न लिहून न्या. तालुक्यात अर्ज किती आले? मंजूर किती? रक्कम किती थकली? कोणत्या तारखेपर्यंत देणार? चार ओळी पुरेत. माहितीच्या अधिकाराखाली (२००५) अर्ज करून आधी कागद मिळवा, म्हणजे प्रश्न पक्का होतो.

मत देऊन आपले काम संपत नाही. आपल्या आमदाराने या अधिवेशनात काय विचारले, हे आपण विचारले पाहिजे. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले ते यासाठीच.

जय भीम!