पटावरची नावे आणि वस्तीतली मुले



यंदा आपली किती मुले कॉलेजात गेली, हे प्रत्येक गुणगौरव समारंभात सांगितले जाते. आकडा ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण ती किती मुलांपैकी गेली, हे कोणी विचारत नाही. आज आम्ही या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार पूर्वी विचारला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी विद्यार्थ्यांचे आकडे प्रत्येक वर्गाच्या लोकसंख्येशी ताडून दाखवले. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ११९ विद्यार्थी होते, मुसलमानांचे ९२, मधल्या वर्गाचे ३८ आणि मागासलेल्या वर्गाचे अवघे १८. कॉलेजात तर मागासलेल्यांचा आकडा जवळजवळ शून्य होता. लोकसंख्येत दुसरा असलेला वर्ग शिक्षणात शेवटचा होता. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की, शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोचतात; उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात.

आजचा हिशेबही याच रीतीचा आहे. कॉलेजात शिकणाऱ्या सर्वांच्या संख्येला १८ ते २३ वर्षे वयाच्या लोकसंख्येने भागून शंभराने गुणायचे. याला सकल नोंदणी प्रमाण म्हणतात. यात वय पाहिले जात नाही, म्हणून शाळेच्या बाबतीत ते शंभराच्या वरही जाते. २०२१-२२ साली देशात प्राथमिकचे प्रमाण १०३.४ होते, ते यामुळेच. उच्च माध्यमिकला ते ५७.६ वर आले. पहिलीचा पट भरलेला दिसला, म्हणून बारावीचा भरला असे समजू नये.

भागाकारात खालचा आकडा बदलला की उत्तर बदलते. २०१९-२० चे उच्च शिक्षणाचे प्रमाण प्रथम २७.१ सांगितले गेले. पुढे २०११ च्या जनगणनेवर आधारलेली लोकसंख्या धरली, तेव्हा त्याच वर्षाचे प्रमाण २५.६ झाले. विद्यार्थी तेच होते, फक्त भाजक बदलला.

२०२१-२२ मध्ये देशाचे हे प्रमाण २८.४ होते, अनुसूचित जातींचे २५.९ आणि अनुसूचित जमातींचे २१.२. बौद्धांचे स्वतंत्र प्रमाण मात्र या पाहणीच्या अहवालात मिळत नाही. तेथे आपण इतर अल्पसंख्याकांच्या रकान्यात जातो. म्हणून अनुसूचित जातींचा आकडा आपल्याला महत्त्वाचा आहे, आणि येथेच एक धोका आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा देशभर मिळाला. आता समजा, आपल्या एखाद्या कुटुंबाने जनगणनेत धर्म बौद्ध लिहिला आणि जातीचा रकाना सोडला. त्याच घरातली मुलगी कॉलेजात दाखला देऊन अनुसूचित जातीत नोंदली गेली. अशा घरांमुळे वरचा आकडा भरतो, खालचा घटतो आणि आपली प्रगती कागदावर फुगते. फुगलेल्या प्रगतीवर वसतिगृह आणि शिष्यवृत्ती कशी मागणार?

२०२१ ची जनगणना लांबली. देशाच्या बहुतेक भागासाठी तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असल्याचे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. धर्माच्या रकान्यात अभिमानाने बौद्ध लिहा आणि जातीच्या प्रश्नालाही दाखल्याप्रमाणे उत्तर द्या. जातीचे नाव उच्चारताना मनाला होणारा त्रास आम्हांसही होतो. पण हे हक्काचे गणित आहे.

आणि सरकारी अहवालाची वाट कशाला पाहायची? विद्यार्थी मित्रांनो, एक वही घ्या. वस्तीतल्या प्रत्येक घरी जा. ६ ते २३ वयाच्या प्रत्येकाचे वय, इयत्ता आणि शाळा सुटली असल्यास कारण लिहा. पुढच्या वर्षी त्याच घरी पुन्हा जा. पटावर नाव असणे आणि वर्गात टिकणे यांतला फरक त्या वहीत दिसेल. मग पुढील गुणगौरव समारंभात उत्तीर्णांच्या यादीशेजारी दुसरीही यादी वाचू: जी मुले आली नाहीत त्यांची. त्यांच्या घरी जाणे हे आपल्या संस्थेचे पहिले काम ठरो.

जयभीम! नमो बुद्धाय!